चाकांवरचे बिऱ्हाड

केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' (१९०८) या पुस्तकातील दुसरे प्रकरण बालसाहित्याच्या अभ्यासकांस चांगले परिचयाचे आहे. टोड हा श्रीमंत आणि छांदिष्ट प्राणी नव्या छंदापायी एक घोडागाडी घेतो; पिवळ्याधमक रंगाची, हिरव्या रेघांची, तांबड्या चाकांची. रॅट आणि मोल या मित्रांना गळ घालून तो देशाटनास निघतो. मग मागून एक मोटार धुरळा उडवीत जाते, घोडा बुजतो, गाडी खड्ड्यात कोसळते आणि टोड रस्त्यात बसून गेलेल्या मोटारीचाच ध्यास घेतो. या प्रसंगाचा अर्थ बहुधा घोड्याचा पराभव आणि यंत्राचा विजय असाच लावला जातो. तो चुकीचा नाही. पण आमचे लक्ष वेधते ते त्या गाडीच्या आत काय होते याकडे. निजण्याच्या लहान फळ्या, भिंतीला मिटून ठेवता येणारे मेज, स्वयंपाकाची चूल, कपाटे, पुस्तकांचे फडताळ, पिंजऱ्यातला पक्षी, भांडीकुंडी. ग्रॅहम ही यादी मोठ्या चवीने देतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या दिवशी सकाळी टोड गाढ झोपलेला असताना घोड्याची व्यवस्था कोण पाहते, विस्तव कोण पेटवते, आदल्या रात्रीच्या कपबश्या कोण विसळते आणि दूध-अंडी आणायला लांबच्या खेड्यापर्यंत पायपीट कोण करते, हेही तो न चुकता सांगतो. रॅट आणि मोल!

पुढे 'कॅम्पर व्हॅन' म्हणून जी वस्तू युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुट्टीचे प्रतीक झाली, तिचा इतिहास वाहनांच्या इतिहासकारांनी भरपूर लिहिला आहे. इंजिनांच्या क्षमता, सांगाड्यांचे क्रमांक, रंगांच्या जोड्या यांची त्यात रेलचेल असते. आम्हांस मात्र तो एका घराचा इतिहास वाटतो. मराठीत त्यासाठी 'बिऱ्हाड' हा फार नेमका शब्द आहे. संसार आणि तात्पुरता मुक्काम हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात, आणि विंचवाचे ते पाठीवर असते हेही आपली भाषा जाणून आहे. बिऱ्हाड म्हटले की ते हलवणारे कोण, मांडणारे कोण आणि आवरणारे कोण, हा प्रश्न आपोआप येतो. वाहनाच्या इतिहासात तो येत नाही.

आरंभ १८८५ साली होतो असे मानण्याचा प्रघात आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लोकप्रिय लेखक. त्यांनी ब्रिस्टलच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोडागाडी खास करवून घेतली. लांबी सुमारे अठरा फूट, वजन जवळजवळ दोन टन, लाकूडकाम महोगनी आणि मेपलचे. केवळ हौसेसाठी बांधलेले हे पहिले फिरते घर. इंग्लंडमधील ट्वायफर्डहून निघून ते या गाडीने स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि त्यावर त्यांनी १८८६ साली प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. गाडीस ते 'जमिनीवरील नौका' म्हणत आणि स्वतःस 'जंटलमन जिप्सी'. बरोबर गाडीवान होता, नोकर होता, मोठा न्यूफाउंडलंड कुत्रा होता, काकाकुवा होता. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येते की काय हे पाहण्यासाठी नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. सभ्य गृहस्थाने भटक्याचे जीवन अनुभवले ते नोकराने रस्ता मोकळा करून दिल्यावर, ही गोष्ट पुस्तकात लपवलेली नाही. लपवण्यासारखे त्यात काही आहे असे त्या काळी कोणास वाटलेच नसावे.

'जिप्सी' या शब्दापाशी मात्र थांबणे भाग आहे. स्टेबल्स हौसेने भटकत होते त्याच दशकात जॉर्ज स्मिथ (कोलव्हिलचे) हे समाजसुधारक ब्रिटिश संसदेत 'फिरत्या निवासां'विषयी विधेयक संमत व्हावे म्हणून धडपडत होते. कालव्यांवरील होड्यांत राहणाऱ्या कामगार कुटुंबांसाठी त्यांनी पूर्वी कायदा घडवून आणला होता. आता रोमा आणि इतर फिरस्त्यांच्या गाड्यांची नोंदणी व तपासणी व्हावी, त्यांच्या मुलांना शाळेत जावे लागावे, असा त्यांचा आग्रह होता. विधेयक पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि पुन्हा पुन्हा फसले. स्मिथ यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण गाडीत राहणारा गरीब हा तपासणीचा विषय आणि गाडीत राहणारा डॉक्टर हा वाङ्मयाचा विषय, ही विभागणी तेव्हाच पक्की झालेली दिसते. याच साम्राज्याने १८७१ साली हिंदुस्थानात जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, आणि त्याच्या सावलीत वाढलेले जग मराठी वाचकाला 'उपरा' (१९८०) आणि 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांतून भेटले. आपल्या भाषेत 'भटकंती' हा छंद आहे आणि 'भटके' हा जातीच्या दाखल्यावरचा शब्द आहे. दोहोंचा धातू एकच. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी क्षणभर गप्प होतात.

१९०७ साली जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये 'कॅराव्हॅन क्लब' स्थापन झाला. (२०१७ मध्ये त्याच्या नावात 'मोटरहोम'ची भर पडली.) त्याच वर्षीच्या पावसाळी उन्हाळ्यात एलिझाबेथ फॉन आर्निम या लेखिकेने केंट परगण्यात घोड्यांच्या कॅराव्हॅनमधून सहल केली आणि १९०९ साली 'द कॅराव्हॅनर्स' ही कादंबरी लिहिली. मराठी विभागांत ती फारशी कोणी वाचत नाही. वाचायला हवी, कारण अविश्वसनीय निवेदकाचे इतके हसवणारे उदाहरण सहसा सापडत नाही.

निवेदक आहे बॅरन ऑटो फॉन ऑट्रिंगेल, प्रशियन सैन्यातील मेजर. दिवंगत पहिल्या पत्नीबरोबरची वर्षे दुसरीबरोबरच्या वर्षांत मिळवून तो आपल्या वैवाहिक जीवनाचा रौप्यमहोत्सव ठरवतो आणि तो साजरा करण्यासाठी काय करावे याचा विचार करतो. कॅराव्हॅन निवडण्यामागे त्याचे कारण एकच, ती स्वस्त पडते. हॉटेलचा खर्च नाही, बक्षिसी नाही. जे काम हॉटेलात नोकर करतात ते येथे कोण करणार, हा हिशेब त्याने मांडलेलाच नसतो. म्हणजे मांडलेला असतो, पण त्यात पत्नी एडेलगार्ड 'मोफत' या रकान्यात असते. मग पाऊस पडत राहतो. चिखल, ओली लाकडे, न शिजणारे बटाटे. बरोबरच्या इंग्रज मंडळींत एक समाजवादी खासदार असतो आणि उमराव घराण्यातला एक तरुणही. हे पुरुष निमूटपणे भांडी घासतात, आणि आपल्या नवऱ्यानेही घासायला काय हरकत आहे, असा विचार एडेलगार्डच्या मनात हळूहळू मूळ धरतो. ती घागऱ्याची लांबी कमी करते. केशरचना बदलते. हाक मारली की लगेच येईनाशी होते. बॅरनला हे सगळे दिसते आणि त्यातले काहीच कळत नाही. तो वाचकाकडे तक्रार करीत राहतो आणि त्या तक्रारीतूनच आपल्याला एका स्त्रीचे मोकळे होणे दिसते. गाडीच्या मर्यादित जागेत काम झाकता येत नाही, हे फॉन आर्निमला कळले होते. मोठ्या घरात स्वयंपाकघर मागे असते, मोरी त्याहून मागे. कॅराव्हॅनमध्ये मागे असे काही नसतेच!

जर्मनीतच १९३१ साली आणखी एक गोष्ट घडली. आल्गॉय प्रदेशातील इस्नी गावचे आरिस्ट डेथलेफ्स चाबूक आणि बर्फावरील काठ्या बनवणाऱ्या घराण्यातले. व्यापारासाठी त्यांना सतत फिरावे लागे. त्यांची वाग्दत्त वधू फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. दोघांना बरोबर राहता यावे आणि तिला चित्रे काढता यावीत म्हणून त्यांनी मोटारीमागे ओढण्याचे छोटे घर बांधले. जर्मनीतील हे पहिले प्रवासी कॅराव्हॅन. स्त्रीच्या स्वयंपाकापेक्षा तिच्या चित्रकलेची सोय आरंभी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले फिरते घर आमच्या वाचनात तरी हे एवढेच.

घर आणि इंजिन यांचा एकाच सांगाड्यात मेळ बसून ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. डच आयातदार बेन पॉन यांनी तेथे सुटे भाग वाहून नेणाऱ्या सपाट गाड्या पाहिल्या आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टिपणवहीत एका पेटीवजा गाडीचे रेखाटन केले. लहान मूल पावाचा तुकडा काढील तसे ते रेखाटन आहे. मार्च १९५० मध्ये त्या गाडीचे उत्पादन सुरू झाले. इंजिन मागे, हवेने थंड होणारे, ११३१ घन सेंटिमीटरचे आणि जेमतेम २५ अश्वशक्तीचे. लांबी सव्वाचार मीटरहून किंचित अधिक. पुढच्याच वर्षी वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' तयार केला. ही कंपनी १८४४ मध्ये लोहारकाम आणि घोडागाड्या यांपासून सुरू झालेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. टोडची गाडी आणि फोक्सवॅगन यांच्यामधले अंतर वाटते तितके मोठे नाही.

कॅम्पिंग बॉक्सची कल्पना साधी होती. निजण्याची, जेवण्याची, शेगडीची सोय असलेले लाकडी सामान गाडीत बसवायचे आणि काढूनही ठेवायचे. आठवडाभर गाडी सुताराची किंवा भाजीवाल्याची, रविवारी कुटुंबाची. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशात दोन गाड्या घेण्याची ऐपत कोणाची असणार? पुढे भरभराटीच्या दिवसांत सामान कायमचे बसवलेल्या गाड्या आल्या आणि तेव्हा खरी 'निवड' सुरू झाली. आधीचे होते ते भागवणे.

ब्रिटनमध्ये ही निवड कशी होत गेली हे पाहणे उद्बोधक आहे, कारण तेथे गाडीचा आकार सुताराइतकाच करअधिकाऱ्यानेही ठरवला. १९३८ च्या कायद्याने पगारी रजेचा मार्ग मोकळा केला होता आणि युद्धानंतर ती रजा कामगार-कारकुनांच्या पदरात पडू लागली. पण १९४० साली आलेला खरेदी कर मोटारगाड्यांवर जबर होता. मागच्या बाजूस खिडक्या नसलेली मालवाहू व्हॅन त्यातून सुटे. तिला खिडक्या आणि आसने बसवली की ती मोटार ठरे आणि कर लागे. मात्र राहण्याजोगे सामान पक्के बसवलेली गाडी कॅराव्हॅन म्हणून पुन्हा करमुक्त. म्हणजे कपाट, मेज, शेगडी यांनी गाडी महाग होण्याऐवजी स्वस्त होत होती. अनेक कुटुंबांनी सुट्टीपेक्षा वर्षभराचे वाहन म्हणूनच ही गाडी पत्करली असल्यास नवल नाही. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली, त्याच वर्षाअखेर तेलाचे संकट ओढवले, आणि या व्यवसायाचे सुवर्णयुग उतरणीस लागले.

त्या सुवर्णयुगातील सर्वांत प्रसिद्ध नाव 'डॉर्मोबिल'. केंटमधील फोकस्टन बंदरातील मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड सीए या व्हॅनवर (उत्पादनकाळ १९५२ ते १९६९) हा संसार उभा केला. शयनगृह आणि मोटार यांच्या इंग्रजी शब्दांची सांधेजोड करून नाव घडवले, आणि ते इतके रुळले की ब्रिटनमध्ये कोणत्याही कंपनीच्या अशा गाडीस लोक 'डॉर्मोबिल' म्हणू लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणत तसे. बेडफर्डचे इंजिन पुढे असल्याने मागची जमीन सखल आणि मोकळी मिळे. फोक्सवॅगनमध्ये मागचा भाग इंजिनामुळे उंचावलेला असे, आणि ती उंची अंथरुणाखाली जिरवावी लागे. उलट फोक्सवॅगनच्या इंजिनात पाणीच नसल्याने आल्प्सचा चढ चढताना ते उकळण्याची भीती नव्हती, थंडीत गोठण्याचीही नव्हती. घाई असणाऱ्याचे मात्र तेथे काम नव्हते. चार माणसे, तंबू, भांडी आणि पाण्याचे डबे घेऊन पंचवीस घोडे किती पळणार? पाण्याच्या दर लिटरमागे एक किलो वजन वाढते, हा हिशेब आजही घेणाऱ्याला दुकानात सुचत नाही, घाटात सुचतो.

उंचीचा प्रश्न छताने सोडवला. डॉर्मोबिलचे छत एका बाजूस बिजागरीवर उघडे. दुसऱ्या बाजूने पट्ट्यापट्ट्यांचे कापड भात्यासारखे उलगडे आणि आत माणूस ताठ उभा राहू शके. त्या वाढलेल्या पोकळीत स्ट्रेचरसारख्या दोन झोळ्या मुलांसाठी. दिवसाची आसने रात्री आडवी होऊन आईबापांचा पलंग होई. जाहिरातींत वडील चाकापाशी किंवा घडीच्या खुर्चीत, मुले गवतावर आणि आई शेगडीपाशी, ही मांडणी ठरून गेलेली. शेगडी पुष्कळदा दाराच्या तोंडाशी असल्याने आईला बाहेरचा देखावा दिसावा, एवढी सुधारणा १९०९ पासून झाली होती असे म्हणता येईल. छत उघडायचे म्हणजे आधी अंथरुणे हलवायची, अंथरुणे घालायची म्हणजे आधी मेज काढायचे, मेज काढायचे म्हणजे ताटे विसळून झालेली असली पाहिजेत. चाळीतल्या एका खोलीत संसार केलेल्या आपल्या मागच्या पिढीला या क्रमाचे काहीच नवल वाटले नसते. इतक्या दाटीत जे तेथे परिस्थितीने करावे लागे, ते येथे मौज म्हणून केले जात होते, हाच काय तो फरक. आणि तो लहान नाही.

अमेरिकेत जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये ट्रकवर बसवलेल्या अशाच खोलीतून देश पाहायला निघाले. गाडीचे नाव डॉन किहोतेच्या घोड्यावरून 'रोसिनांते', सोबतीला चार्ली हा पूडल कुत्रा. १९६२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने एकटा पुरुष, कुत्रा आणि मोकळा रस्ता ही प्रतिमा दृढ केली. पुढे २०१० मध्ये बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग धुंडाळला आणि दाखवून दिले की लेखक पुष्कळ रात्री गाडीत नव्हे तर हॉटेलांत राहिले होते, आणि प्रवासाच्या बऱ्याच भागात पत्नी इलेन त्यांच्यासोबत होत्या. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये असा इशारा आला. प्रवासवर्णनात कल्पितास किती वाव असावा, या आपल्या नेहमीच्या वादात आम्हांस येथे शिरायचे नाही. पण कल्पिताची गरज लेखकाला नेमकी कोठे भासली? संवादांत भासली, हे समजण्यासारखे आहे. पत्नीला पानातून पुसून टाकण्यातही भासली. बॅरन ऑटोने निदान एडेलगार्डला पानोपानी हजर ठेवले होते.

आपल्या किनाऱ्याला या गाड्या लागल्या त्या साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. पश्चिम युरोपातून निघून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असे करीत तरुणांच्या व्हॅन गोव्यात हणजूण-कळंगुटपर्यंत येत. त्या कौटुंबिक सहली नव्हत्या, कुटुंबापासून पळण्याच्या होत्या, हे खरे. पण गाडी तीच, वेस्टफालियाने कुटुंबासाठी सजवलेली. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजा यांनी तो रस्ता बंद केला. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले ते २०२१ साली, केरळनेही त्याच वर्षी. तोपर्यंत मूळ फोक्सवॅगन बसचा ब्राझीलमधील शेवटचा कारखानाही तिचे उत्पादन थांबवून मोकळा झाला होता (डिसेंबर २०१३).

ब्रिटनमध्ये दरम्यान दुसरी गोष्टही चालूच होती. १९६० च्या कायद्याने कॅराव्हॅनच्या जागांवर परवान्याची अट आली. सुट्टीच्या तळांना शिस्त लागली आणि रोमा कुटुंबांचे पिढीजात थांबे बंद होत गेले. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी जागा देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकण्यात आले. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर घर गमावलेली वृद्ध माणसे व्हॅनमध्ये राहून गोदामांत हंगामी कामे करू लागली. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ मध्ये त्यांच्यावर 'नोमॅडलँड' लिहिले आणि क्लोई झाओ यांच्या त्यावरील चित्रपटास २०२१ साली ऑस्कर मिळाले. टोडच्या गाडीतले मिटणारे मेज तेथे पुन्हा दिसते, मात्र ते मिटून जायला दुसरे घर नसते.

या सगळ्यांत आम्हांस सर्वांत जवळची वाटते ती अ‍ॅलन बेनेट या नाटककाराच्या अंगणातील व्हॅन. लंडनच्या कॅम्डन भागात मिस शेपर्ड ही वृद्ध स्त्री रस्त्याकडेला व्हॅनमध्ये राहत असे. १९७४ मध्ये बेनेट यांनी तिला गाडी आपल्या अंगणात आणून लावू दिली. थोड्या दिवसांपुरती म्हणून आलेली ती १९८९ साली मृत्यू येईपर्यंत, पंधरा वर्षे, तेथेच राहिली. गाडी होती बेडफर्ड. बेनेट यांनी याच घटनेवर आधी रोजनिशीवजा लेखन केले, मग १९९९ मध्ये नाटक. आपण हे औदार्यापोटी केले, आळसापोटी की लेखकाच्या स्वार्थापोटी, याची चौकशी ते स्वतःच करीत राहतात. नाटकात तर त्यासाठी त्यांनी स्वतःची दोन पात्रे केली आहेत, एक राहणारा आणि एक लिहिणारा. त्या व्हॅनची घाण, वास, प्लास्टिकच्या पिशव्या यांचे वर्णन त्यांनी कोठेही सौम्य केलेले नाही. २०१५ मध्ये चित्रपट निघाला तेव्हा चित्रीकरण ग्लॉस्टर क्रेसंटमधील त्याच घरात झाले. मॅगी स्मिथ यांच्यासाठी त्याच अंगणात पुन्हा एक व्हॅन आणून लावण्यात आली, आणि या वेळी काम संपल्यावर ती तेथून निघून गेली.